थरमध्ये एकट्यानं पाच रात्री: मडगावहून दिवसवार

पणजीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. थरच्या वाळवंटात मौन आणि एकांतासाठी जाणाऱ्या गोव्याच्या माणसाची निम्मी तयारी या फरकापायी असते. दमट हवेत वाढलेल्या शरीराला घाम आला की तहान आठवते. वाळवंटात घाम अंगावर दिसायच्या आतच सुकतो आणि तहान लागलीच नाही असं वाटत राहतं. उरलेली निम्मी तयारी माणसांची: कोण कुठे उभं राहून तुमच्याकडे लक्ष ठेवणार आहे, याची. एकांत म्हणजे कुणालाही न सांगता निघून जाणं नव्हे. ज्याला अशी हौस असेल त्यानं वाळवंटाच्या वाटेला जाऊ नये.

निघण्याआधी

काळ मार्गशीर्ष किंवा पौषाचा. त्यातही शुद्ध सप्तमीच्या सुमारास तळावर पोचता आलं तर उत्तम, कारण तेव्हा चंद्र संध्याकाळीच डोक्यावर असतो आणि रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा मावळतो. थंडीत तिथली रात्र साडेतेरा तासांची असते. तिचा पहिला भाग चांदण्यात गेला तर पुष्कळ सोपं होतं. तारे पाहायला अमावास्या बरी हे खरं, पण तो वेगळा प्रवास. नाताळ ते नववर्ष हा काळ टाळावा. माघ पौर्णिमेला संपणारा जैसलमेरचा मरू महोत्सवही टाळावा, कारण तेव्हा सम गावच्या वाळूवर ध्वनिवर्धक आणि जीपगाड्या यांखेरीज काही नसतं.

आधी घरच्या घरी दोन तालमी कराव्यात. पहिली मौनाची. फोंडा महालातल्या एखाद्या देवस्थानाच्या आगरशाळेत, म्हणजे भक्तनिवासात, दोन रात्री फोन बंद ठेवून राहायचं; पुस्तक नाही, बोलणं नाही. ख्रिस्ती मित्र असतील तर बागाच्या टेकडीवरच्या रिट्रीट हाऊसबद्दल त्यांना विचारा, तिथली शिस्तही हेच शिकवते. दोन दिवसांचं मौन ज्याला पेलत नाही त्याला वाळवंटातले पाच पेलणार नाहीत. दुसरी तालीम ताडपत्रीची. सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, ती करून उपयोग नाही, जांभा खुंटी आत घेतच नाही. कोलव्यासारख्या किनाऱ्यावर भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, दिवसाउजेडी, टेकड्यांवरची वेल न तुडवता तासभर सराव करावा. साधी खुंटी कोरड्या वाळूत दहा मिनिटंही टिकत नाही हे तिथेच कळतं. उपाय असा: हातभर कापडी पिशवी वाळूनं भरायची, तिच्या तोंडाशी दोरी बांधायची, पिशवी दीड वीत खोल आडवी पुरायची आणि वरून पायानं दाबायची. तीन मीटर बाय तीन मीटरच्या ताडपत्रीला अशा सहा पिशव्या लागतात.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे, फिट येणारे, हृदयाचे रुग्ण यांनी एकट्यानं जाऊ नये. नुकतंच घरातलं माणूस गेलं असेल किंवा मन आधीच खचलेलं असेल तरीही नको. एकांत दुःख हलकं करतो अशी समजूत आहे. तिसऱ्या दिवशी तो ते दुप्पट करून समोर ठेवतो.

पहिला आणि दुसरा दिवस: गाडीत

कोकण रेल्वेनं राजस्थानकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या आणि बहुतेक साप्ताहिक, त्यामुळे आरक्षण आधी आणि बाकीचं वेळापत्रक त्यावरून. बहुधा जोधपूरला गाडी बदलावी लागते; तिथून जैसलमेर पाच-सहा तासांवर. विमानानं एका दिवसात पोचता येतं, पण मला रेल्वे बरी वाटते. हवा हळूहळू कोरडी होत जाते आणि नाकाला, त्वचेला दोन दिवस मिळतात. गॅसची डबी ना रेल्वेत चालते ना विमानात. त्यामुळे चुलीचा विचारच सोडावा.

सामानात दोन गोष्टी लोक हमखास चुकीच्या नेतात. एक खोबरेल. चोवीस अंशांखाली ते गोठतं, बारीक तोंडाच्या बाटलीत दगड होऊन बसतं आणि ओठ फुटलेले असताना बाहेर येत नाही. रुंद तोंडाच्या डबीत घ्यावं, नाहीतर तिळाचं तेल घ्यावं. दुसरी पांघरूण. गोव्यात पारा पंधराच्या खाली गेला तरी बातमी होते. तिथे पहाटे तीन ते आठ अंश नेहमीचे, थंडीच्या लाटेत शून्याजवळ. शून्य अंशाला पुरेल अशी स्लीपिंग बॅग लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खाली जाड घोंगडी लागते, कारण थंडी वरून कमी आणि वाळूतून जास्त चढते.

तिसरा दिवस: ढाणी आणि जागा

जैसलमेर स्टेशनवरून थेट वाळूत जाऊ नये. नैर्ऋत्येला खुरीच्या वाटेवर गावांबाहेर ढाण्या आहेत, म्हणजे शेतातली एकेकट्या कुटुंबाची वस्ती. अशा कुटुंबाशी आधी बोलणं झालेलं असावं आणि मुक्काम त्यांच्या स्वतःच्या जमिनीवर असावा. आसपासचा बराच मुलूख मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. सुमारे 3162 चौरस किलोमीटरचं हे उद्यान माळढोकाच्या शेवटच्या ठिकाणांपैकी एक आहे आणि तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. सीमा जवळ असल्यानं यजमानामार्फत जवळच्या पोलीस ठाण्यात नाव, ओळखपत्राची प्रत आणि राहण्याच्या तारखा द्याव्यात. ड्रोन नेऊ नये. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. परदेशात राहिलेले मित्र आग्रहानं देतात, तरी घेऊ नये. वाळूत धातूचा अनोळखी तुकडा दिसला तर हात लावू नये. जिल्ह्यात लष्कराच्या सरावाचे प्रदेश आहेत.

ढाणीवर यजमानाला 'बाबोसा' किंवा 'काकोसा', त्यांच्या पत्नीला 'मासा' म्हटलेलं त्यांना आवडतं. चहा नाकारू नये. हे शेवटचं बोलणं असणार असतं, म्हणून व्यवस्था इथेच दोनदा बोलून घ्यायची.

व्यवस्था अशी. तळ ढाणीपासून दीड-दोन किलोमीटरवर. दोन्हींच्या मध्ये, तळापासून सुमारे तीनशे मीटरवर, एक ठरलेली खेजडी. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्याखाली दगडांची रास. तुम्ही रोज सकाळी नऊच्या आत जाऊन एक दगड राशीवर ठेवायचा. यजमानाकडचं कुणीतरी अकराच्या सुमारास येऊन तो पाहणार आणि आपला एक दगड बाजूला ठेवणार. दगड नसेल तर तो माणूस न विचारता सरळ तळावर येणार. दोघांची भेट होत नाही, तरी दिवसातून एकदा दोघांनाही खबर मिळते. यात बिघाड होतो तो दोन कारणांनी. पहिलं, वेळ 'सकाळी' एवढीच ठरवलेली असते आणि गुराख्याची सकाळ व तुमची सकाळ वेगळी असते. दुसरं, एका सकाळी आळस येतो आणि 'आज नाही ठेवला तर काय बिघडतं' असं वाटतं. ज्या दिवशी असं वाटतं त्याच दिवशी तो ठेवण्याची जास्त गरज असते.

त्याच झाडाला पत्र्याचा झाकणाचा डबा टांगून ठेवला तर येणारा माणूस रोज बाजरीच्या दोन भाकऱ्या त्यात ठेवू शकतो. कापडात बांधून ठेवलेली भाकरी कुत्री नेतात.

झाडाखाली मुक्काम करू नये, ते फक्त निरोपाचं ठिकाण. सावलीत उंट आणि मेंढ्या बसतात, त्यांच्या गोचिड्या तिथल्या वाळूत दबा धरून असतात आणि माणसाची चाहूल लागली की चक्क धावत येतात. खेजडीची फांदीही मोडू नये. जोधपूरजवळ खेजडली गावी 1730 मध्ये या झाडांसाठी 363 बिश्नोई माणसांनी जीव दिला. या मुलखात कुणाच्याही शेतात खेजडीवर कुऱ्हाड चालवलेली लोक विसरत नाहीत.

जागेसाठी टेकडीचा माथा नको, तिथे वारा. दोन टेकड्यांमधली खळगी नको, रात्री थंड हवा तिथेच साठते. मधल्या उतारावरचा सपाट टप्पा बरा. बांध घालून पाणी अडवलेली सखल शेतं, ज्यांना तिथे खडीन म्हणतात, ती कोरडी दिसली तरी टाळावी. आजूबाजूला शंभर पावलं हिंडून बिळं पाहावीत. सांडा सरड्याचं बीळ निरुपद्रवी. उंदरांची बिळं दाट असतील तर तिथे सापही येणार.

पाणी तीस लिटर, पाच-पाच लिटरच्या सहा कॅनमध्ये. वीस लिटरचा एकच जार कधीही नेऊ नये, तो फुटला की प्रवास संपला. हिशेब दिवसाला पाच लिटरचा: पिण्यासाठी साडेतीन ते चार, पोहे भिजवायला अर्धा, उरलेलं शौच-धुण्याला. पाच दिवसांचे पंचवीस आणि पाच राखीव. राखीव कॅनला लाल दोरा बांधून तो वेगळा पुरून ठेवावा. हे पाणी जैसलमेरहून भरून उंटगाडीनं किंवा जीपनं आणायचं. भागातल्या अनेक विहिरींचं पाणी खारं आणि फ्लोराइडयुक्त. यजमानाच्या कुटुंबाला ते सोसतं, गोव्याच्या पोटाला दुसऱ्या दिवशी जुलाब लागतात. जुलाब लागलेच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. थोडं जास्त मीठ म्हणजे जास्त फायदा, असं इथे नसतं.

चौथा दिवस: घडी बसवणं

सूर्य उगवतो सव्वासातच्या पुढे, मावळतो सहाच्या थोडा आधी. गोव्याच्या सवयीनं साडेसहाला उठाल तर अर्धा-पाऊण तास काळोखातच जाईल. उठल्यावर बूट झटकायचे, आत ठेवलेला मोजाही झटकायचा. मग अर्धा लिटर पाणी, तहान असो-नसो. सोलं, म्हणजे आमसुलं, रात्री भिजत घालून सकाळी त्यात चिमूटभर मीठ टाकून घेतली तर नुसत्या पाण्यापेक्षा घशाखाली सहज उतरतं.

जेवण आगीशिवाय: जाडे पोहे दीडशे ग्रॅम, दहा मिनिटं भिजवून गूळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर, मूठ-दोन मुठी शेंगदाणे, शंभर ग्रॅम खजूर, संध्याकाळी डब्यातल्या भाकऱ्या तीळतेल आणि कांद्याबरोबर. भांडं वाळूनं घासून फडक्यानं पुसायचं, पाणी लागत नाही. शौचासाठी सत्तर-ऐंशी पावलांवर वीतभर खड्डा. कोरड्या वाळूत कागद वर्षानुवर्षं कुजत नाही, म्हणून कागद वापरलाच तर पिशवीत परत.

ताडपत्रीची चूक इथे उघडी पडते. लोक ती मांडवासारखी सपाट बांधतात आणि दुपारी सावली बाहेर पडलेली पाहून चक्रावतात. डिसेंबरच्या अखेरीस जैसलमेरला ऐन माध्यान्हीही सूर्य चाळीस अंशांच्या वर चढत नाही. मीटरभर काठीची सर्वांत आखूड सावली एक मीटर वीस सेंटिमीटर भरते. पणजीत त्याच दिवशी ती ऐंशीच्या आसपास. म्हणून ताडपत्रीची दक्षिण कड जमिनीपर्यंत खाली, उत्तर कड कमरेच्या वर. रात्री उलट: वारा येणारी बाजू खाली. दोऱ्या सुटणाऱ्या गाठीच्या असाव्यात.

चिंतनाची घडी ज्याच्या त्याच्या परंपरेची. पण जे काही असेल ते ठरावीक वेळांना बांधावं: पहाटे एक बैठक, दगड ठेवून आल्यावर एक, सूर्यास्ताला एक. प्रत्येकी चाळीस-पन्नास मिनिटं पुरेत. पहिल्या दिवशी उत्साहात चार-चार तास बसणारे दुसऱ्या दिवशी गुडघे आणि पाठ धरून बसतात आणि मग मन फक्त गुडघ्यातच राहतं.

खेजडीची वाट सोडली तर फिरायचं ते काठीच्या टोकावर बांधलेलं लाल फडकं दिसेल तेवढंच. वाळूच्या चढउतारात दोनशे मीटरवर तळ दिसेनासा होतो आणि पावलांचे ठसे दुपारच्या वाऱ्यात पुसले जातात. रात्री लघवीला उठतानाही आधी काठीला लाल दिवा टांगायचा, मगच पाय बाहेर.

आणि फुरसं. कोकण-गोव्याच्या माणसाला त्याची नव्यानं ओळख करून द्यायला नको, तोच साप थरमध्येही आहे, वाळूत तिरपा सरकत जातो. कडाक्याच्या थंडीत तो क्वचित बाहेर पडतो, पण ऊबदार संध्याकाळी सांगता येत नाही. अंधारात अनवाणी चालायचं नाही, हात न पाहता कशाखाली घालायचा नाही. चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यांतलं काहीही न करता तो अवयव न हलवता ठेवायचा, फोन सुरू करून यजमानाला आणि 112 ला कळवायचं, आणि जैसलमेरचं सरकारी जिल्हा रुग्णालय गाठायचं. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरची आहे. अशा वेळी कळवता यावं म्हणून फोन बंद पण चार्ज केलेला असावा आणि रात्री पांघरुणात घ्यावा, कारण थंडीत बॅटरी उतरते.

पाचवा दिवस: दुपार

सगळ्या प्रवासात अवघड असा एकच काळ असतो, आणि तो रात्रीचा नाही. एकांताच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी अकरा ते तीन. भीती ओसरलेली असते, नवलाई संपलेली असते, करायला काही नसतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्यानं या अवस्थेचं नेमकं वर्णन करून ठेवलं आहे: सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, माणूस पुन्हा पुन्हा बाहेर पाहतो की जेवणाची वेळ किती लांब आहे, मग त्याला त्या जागेचाच वीट येतो. तो याला मध्यान्हीचं भूत म्हणत असे. आपल्याकडेही भर बाराला देवचाराच्या, म्हणजे राखणदार भुताच्या, वाटेवर जाऊ नये असं आजी सांगते; कारण वेगळं असेल, घड्याळ तेच.

भूत येतं ते बहुतेकदा सुज्ञ विचाराचं रूप घेऊन. 'जे मिळायचं ते मिळालं, आता उगाच कशाला.' 'घरी कुणी आजारी असेल.' 'परतीचं आरक्षण पक्कं झालं का ते एकदा पाहून घेऊ.' म्हणून नियम निघण्याआधीच ठरवावा: आजारपण, इजा किंवा हवामान यांखेरीज कुठल्याही कारणासाठी परतायचा निर्णय दुपारी घ्यायचा नाही. विचार आला की सूर्यास्तापर्यंत थांबायचं, तेव्हाही तो तितकाच खरा वाटला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दगड ठेवायला जाताना ढाणीपर्यंत चालत जायचं. बहुतेक वेळा संध्याकाळच्या भाकरीबरोबर तो विरघळतो.

त्या तपस्व्यांचा दुसरा उपाय हाताला काम देण्याचा होता. ते ताडाच्या पात्यांच्या टोपल्या आणि दोर वळत. गोव्याहून अर्धा किलो काथ्या नेता येतो. मांडीवर तळहातानं दोन पेड वळून एकमेकांत पिळायचे, एवढीच कृती. हवा कोरडी असल्यानं काथ्या मोडतो; तो अधूनमधून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. दुपारी दोन-तीन मीटर झाला तरी पुष्कळ. वही मात्र या वेळात काढू नये. दुपारी लिहिलेलं सगळं रडगाणं असतं. वही सकाळच्या दुसऱ्या बैठकीनंतर, आणि तीही पानभर.

डोकेदुखी सुरू झाली तर तो भुताचा नव्हे, पाण्याचा प्रश्न. लघवीचा रंग पाहावा. गडद पिवळा असेल तर अर्ध्या तासात एक लिटर, घोट-घोट. नाकाचा घोळणा फुटला तर घाबरायचं कारण नाही, पुढे वाकून नाक पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं आणि मग आतून तेलाचं बोट फिरवायचं. कोरड्या हवेत हे होणारच.

रात्री दुसरा पेच. सहाला अंधार, सातला झोप, मग दोनला टक्क जाग. झोप येत नाही म्हणून तळमळण्याऐवजी आणखी एक बैठक तेव्हा घालावी, पांघरूण अंगावर घेऊनच. साडेआठपर्यंत चांदण्यात जागं राहणं जमलं तर जाग चारच्या पुढे ढकलली जाते.

सहावा दिवस

याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, आणि तेच चांगलं. पाणी मोजावं: एव्हाना निम्म्याच्या आसपास गेलेलं असावं. जास्त उरलं असेल तर कौतुक नाही, तुम्ही कमी पीत आहात. टाचांना भेगा पडल्या असतील तर तेल लावून मोजे घालून झोपावं.

सातवा दिवस: ढग आले तर

पौष-माघात पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांचा हलका पाऊस पडतो, तिथे त्याला मावठ म्हणतात. पावसापेक्षा त्याच्या नंतरची थंडीची लाट वाईट. पश्चिमेला दुपारी ढग दाटले आणि वारा फिरला तर ताडपत्रीच्या तीन कडा खाली घेऊन पिशव्या पुन्हा दाबायच्या, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधायचे. पांघरूण भिजलं तर त्या रात्री तिथे राहायचं नाही, उजेड असतानाच ढाणीवर जायचं. मौन मोडलं म्हणून वाईट वाटून घेऊ नये. यजमान चुलीजवळ बसवतात आणि फार बोलतही नाहीत. ढग नसले तरी पहाटे दव पडू शकतं. पांघरूण दहापर्यंत उन्हात उलटं घालावं.

आठवा दिवस: परत

शेवटचा दगड ठेवायचा आणि माणूस येईपर्यंत तिथेच थांबायचं. त्याच्यासोबत जाऊन पिशव्या उकरून काढायच्या, त्यातली वाळू तिथेच ओतायची, खड्डे बुजवायचे, उरलेलं गोडं पाणी ढाणीवर द्यायचं. ते त्यांना पैशांइतकंच मोलाचं असतं. पैसे ठरल्याप्रमाणे यजमानाच्या हाती. सोबत काजू किंवा सोलं दिली तर घरातल्या बायका आमटीत काय होतं ते करून पाहतात.

त्याच रात्रीची गाडी पकडू नये. जैसलमेरमध्ये एक रात्र शांत खोलीत काढावी, पहिलं जेवण खिचडी-ताक, फोन दुसऱ्या दिवशी सकाळी. पाच दिवसांनी साधा हॉर्नही अंगावर येतो आणि घरच्यांशी पहिल्याच फोनवर उगाच चिडचिड होते. म्हणून घरी एका ओळीचा निरोप यजमानानंच पाठवावा असं आधी ठरवून ठेवावं. पोलीस ठाण्यात परतल्याचं कळवायला विसरू नये, नाहीतर दोन दिवसांनी ढाणीवर विचारपूस होते आणि त्याचा त्रास त्या कुटुंबाला.

घरी आल्यावर स्लीपिंग बॅगची चेन पाण्यानं धुण्याआधी जुन्या टूथब्रशनं कोरडी झाडावी. थरची वाळू फार बारीक असते, ओली झाली की चेनच्या दातांत बसते आणि पुढच्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ती चेन कायमची अडकते.